पाटे, शॅकल आणि गाडीची उंची: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जिप्सी किंग आहे. आंब्याच्या बागेकडे जाणारी वाट सड्यावरून जाते, जांभ्याचे दगड उघडे पडलेत आणि मागच्या डिफरन्शियलचा (चाकं फिरवणाऱ्या गिअरचा) गोळा घासतो. लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा झुलता दुवा) बसवून गाडी दोन इंच वर घ्यायचा विचार आहे. कमी खर्चात होईल ना? (देवगड)

उत्तर: थोडी उंची मिळेल, पण गोळा घासायचा थांबणार नाही. तो अ‍ॅक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या आसावर) आहे. शॅकल, जादा पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), ठोकळे, काहीही घाला, वर जाते ती चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. अ‍ॅक्सल जमिनीपासून होता तेवढाच राहतो. त्याला वर आणतो फक्त मोठा टायर. 205/70 आर15 च्या जागी 215/75 आर15 घातला तर व्यास सुमारे 35 मिमी वाढतो आणि गोळा त्याच्या निम्मा, म्हणजे 17-18 मिमी वर येतो. वाटेतल्या दोन-तीन वाईट दगडांवर पहार चालवली तर त्याहून स्वस्तात काम होईल.

मोठा टायर मडगार्डला लागत असेल तर मात्र शॅकलचा उपयोग आहे. भोकांमधलं अंतर जितकं वाढवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली सरकतं आणि अ‍ॅक्सल मधोमध असतो. 50 मिमी लांब शॅकल म्हणजे 25 मिमी उंची. याच्या पुढे जाऊ नका, लांब शॅकल वळणावर आडवा लवतो. 10 मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी घ्या. दोन्ही पट्ट्या एकमेकींना टाचून भोकं एकदमच ड्रिलने पाडा, गॅसने नाही. मग मध्ये पाइपचा तुकडा वेल्ड करून दोन्ही जोडा. हा तुकडा नसेल तर शॅकल समांतरभुजासारखा एका बाजूला कलतो. बोल्टच्या डोक्यावर 8.8 (ताकदीची प्रत) कोरलेलं पाहून घ्या. पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल वळशात) रबरी बुश असेल तर नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. चाकं लोंबत असताना आवळले की बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पुढच्या बाजूला एक जादा भानगड आहे. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर तो लांब केल्यावर अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा कल, कमी होतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, वेगात पुढची चाकं थरथरतात. यावर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये 2 ते 3 अंशांची लोखंडी पाचर घालतात. अ‍ॅक्सल पाट्याच्या वर बसलेला असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे. पुढच्या अ‍ॅक्सलखाली लाकडी वा लोखंडी ठोकळे कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा. ब्रेक मारताना ते पिळवटून निसटतात.

काम झाल्यावर जॅक चासीला लावून चाकं पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकचा होज ताणला जातोय का, प्रोपेलर शाफ्टची स्प्लाइन (आतबाहेर सरकणारा खाचांचा जोड) बाहेर येतेय का, शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) शेवटच्या टोकाला अडकतोय का, हे तिन्ही बघा. शॉकअप आखूड पडत असेल तर चासीकडचा ब्रॅकेट खाली घ्या. शॉकअपच्या नळकांड्यावर वेल्डिंग करू नका, आत तेल आणि दाब असतो.

कागदाचं म्हणाल, तर मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 मूळ रचना बदलायला मनाई करतं आणि अपघातानंतर विमा कंपनी याकडेच बोट दाखवते.

प्रश्न: पावसाळा संपला की मागचे पाटे करकरतात आणि गाडी दगडासारखी चालते. आणखी मऊ पाटे टाकावेत का? (गुहागर)

उत्तर: पाटे कडक झालेले नाहीत, चिकटलेत. खारी हवा आणि लाल चिखल थरांमध्ये जाऊन गंज फुगतो, मग पाटे एकमेकांवर सरकत नाहीत. जळकं ऑइल ओतून आठवडाभर आवाज थांबतो, पण रबराचे बुश सुजतात आणि तेलाला रेती चिकटते.

संच उतरवा. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावा, नाहीतर पाटे उसळून हाताला लागतात. प्रत्येक पाटा वायर ब्रशने घासा आणि मधल्या भोकाजवळ, तसंच मुख्य पाट्याच्या डोळ्याजवळ तडा बघा. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्यात खाच पाडलेली दिसेल. ते टोक ग्राइंडरने गोल करा. मग ग्रॅफाइट ग्रीस. टोकांपाशी 2 मिमी एचडीपीई (कडक प्लास्टिक) पट्टी घातली तर सरकणं आणखी सोपं होतं. झिजली की बदलायची. ही पट्टी पाट्यांना अ‍ॅक्सलशी आवळणाऱ्या यू-बोल्टच्या चिमटीत मात्र अजिबात जाऊ देऊ नका. तिथलं प्लास्टिक दबत जातं, यू-बोल्ट ढिले होतात, सगळा भार सेंटर बोल्टवर येऊन तो तुटतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूला मागे सरकतो. यू-बोल्ट नवेच घाला, एकदा ताणलेले पुन्हा तसे आवळत नाहीत. 100 आणि 500 किमीनंतर पुन्हा आवळा.

प्रश्न: पिकअपला ट्रकचा भंगारातला एक पाटा कापून घातला तर पेट्यांचं वजन झेपेल? (राजापूर)

उत्तर: कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 6 मिमीच्या जागी 8 मिमीचा पाटा म्हणजे तोच पाटा सुमारे 2.4 पट कडक. ट्रकचा जाड पाटा लवतच नाही, बहुतेक भार स्वतःवर घेतो आणि रिकाम्या गाडीत मागचं चाक उड्या मारतं. त्याच रुंदीचा, त्याच जाडीचा पाटा शोधा, मुख्य पाट्याच्या खाली बसवा. कापायला ग्राइंडर वापरा, मधूनमधून पाणी मारत. गॅसने तापवला की पोलादाचं पाणी उतरतं आणि तो तिथेच तुटतो. कमान हवी असेल तर थंडच, प्रेसखाली द्यायची. नव्या पाट्याने अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेक यांची ताकद मात्र वाढत नाही. आंबा घाटात उतरताना प्रश्न पाट्यांचा नसतो, ब्रेकचा असतो.

प्रश्न: जुन्या थार सीआरडीईची पुढची टॉर्शन बार आवळून गाडी उचलता येते का? फुकटात होतं म्हणतात. (सावंतवाडी)

उत्तर: टॉर्शन बार म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. तिने गाडी उचलता येते, 20-25 मिमी. त्यापुढे वरचा आर्म खालच्या स्टॉपला टेकतो, चाक खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक गचक्याला ठोका बसतो. लोक म्हणतात बार कडक झाली. बार तीच असते, नुसता तिचा आरंभबिंदू बदलतो. शिवाय चाकाला फिरवणारा सीव्ही जॉइंट जास्त तिरका चालून त्याचं रबर बूट फाटतं आणि इथल्या चिखलात फाटलेलं बूट म्हणजे जॉइंट गेलाच.

हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा, बार आवळायच्या बोल्टवर रंगाची खूण करा. आटे गंज सोडवणाऱ्या तेलात रात्रभर भिजू द्या. चाकं हवेत घ्या, बोल्ट दोन्हीकडे अर्धा-अर्धा फेरा आवळा. थोडं चालवून गाडी बसू द्या, पुन्हा मोजा. शेवटी व्हील अलाइनमेंट. ते टाळलं तर टायरची एक कड लवकर खाल्ली जाते, आणि फुकटचं काम टायरच्या किमतीला पडतं.

प्रश्न: कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर कसे? (अलिबाग)

उत्तर: धरलेले वेढे हलत नाहीत, बाकीच्यांवर जादा ताण येतो आणि बफरखाली साचलेल्या खाऱ्या पाण्याने स्प्रिंग तिथूनच गंजते. घातले असतील तर काढा, स्प्रिंग बसलेली असेल तर दोन्ही बाजूंची जोडीने बदला.