टेकडीच्या कामातून खरोखर माणसे जोडली जातात का?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त अनोळखी शहरात आल्यापासून कोणाशीही घट्ट ओळख झालेली नाही, सुट्टीचा दिवस खायला उठतो, तर झाडे लावणे, टेकडी किंवा नदीकाठ राखणे अशा स्वयंसेवी कामातून माणसे खरोखर जोडली जातात का, की तो केवळ छायाचित्रांपुरता उत्साह असतो. माझ्या अनुभवापुरते सांगतो: दोन्ही खरे आहे, आणि आपल्या वाट्याला काय येईल हे बरेचसे आपण तिथे कोणत्या महिन्यात जाता यावर ठरते.

मी साताऱ्याला न्यायालयात लघुलेखक होतो. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्यात राहायला आलो, तेव्हा ज्यांच्याशी दोन वाक्यांपेक्षा अधिक बोलावे अशी घराबाहेरची एकही व्यक्ती मला नव्हती. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर काही दिवस बसून पाहिले, पण केवळ गप्पा मारण्यासाठी जमलेल्या लोकांत काय बोलावे हेच मला सुचत नसे. सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जात असे. तिथे जुलैमध्ये एका रविवारी रोपे लावण्याचा कार्यक्रम चालला होता. मीही दोन रोपे लावली, चहा घेतला आणि घरी आलो. त्या दिवशी दीडशे माणसे तरी असावीत, पण त्यांतील एकाचेही नाव मला कळले नाही.

पुढच्या मार्चमध्ये त्याच उतारावर सातआठ जण पाण्याचे कॅन घेऊन चढताना दिसले, आणि खरी ओळख तिथे झाली. पुण्याच्या टेकड्यांवर मातीचा थर पातळ असतो, खाली मुरूम आणि काळा पाषाण; पावसाळा सरला की ओल झपाट्याने उडून जाते, त्यामुळे रोपाला निदान पहिले ३ उन्हाळे हाताने पाणी द्यावे लागते. जुलैमध्ये लावणे सोपे असते. एप्रिलमध्ये आठवड्यातून एकदा प्रत्येक रोपासाठी ५ लिटर पाणी वर नेऊन घालणे हे एकट्याचे काम नव्हे, आणि म्हणूनच त्याला माणसे लागतात. मी दोन रविवार गेलो, तिसऱ्या रविवारी गुडघा दुखत होता म्हणून गेलो नाही; तर चौथ्या रविवारी रिक्षा चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, “काका, गेल्या वेळी कुठे होतात? तुमच्या ओळीला मी पाणी घातलं.” आपल्या न येण्याची कोणीतरी नोंद घेतली आहे, हे निवृत्तीनंतर मला प्रथमच जाणवले.

काम करता करता समजही वाढली, आणि तिची सुरुवात चुकीपासून झाली. रोपांभोवतीचे उंच गवत मी तण समजून मोठ्या निष्ठेने उपटत होतो. गटातील वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी धावत आली आणि म्हणाली, “काका, ती कुसळी आहे, ती इथलीच आहे.” मग तिने समजावले की या टेकड्यांचे मूळ रूप घनदाट जंगलाचे नाही, विरळ झाडे, काटेरी झुडपे आणि त्यांच्यामधली गवताळ माळराने असे ते आहे. चंडोल आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. दिसेल त्या मोकळ्या जागेत झाड लावले तर त्यांची जागा जाते. उघडा माळ झटपट हिरवा दिसावा म्हणून काही दशकांपूर्वी या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे लोक ज्याला उंदीरमारी म्हणतात ते मध्य अमेरिकेतील झाड, फार मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते नुसते तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून आम्ही त्याच्या फांद्या छाटतो, पाला रोपांभोवतीच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसरतो आणि त्याच्या सावलीच्या कडेने मेडशिंगी, गणेर, सालई, पळस, आपटा अशी इथली झाडे वाढवतो. (मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या लांब शेंगांमुळे मेडशिंगी हे नाव पडले, ही गोष्ट मी आता नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला नको इतक्या उत्साहाने सांगतो.)

माझ्याकडे आले ते नोंदवहीचे काम: कोणते रोप कोठे आहे, कधी लावले, जगले की गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे उतरवून घेतले, तीच सवय इथे उपयोगी पडली. आपल्याला पर्यावरणाचे शिक्षण नाही असे आपण लिहिले आहे, मलाही नव्हते. कोणाला बहाव्याचे टणक बी पॉलिश पेपरवर घासून रुजवता येते, कोणाला कुदळ चालवता येते, कोणी फक्त वेळेवर येतो, आणि त्या शेवटच्या गुणाची किंमत सर्वांत जास्त आहे.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत वणवा आला. गवत वाळल्यावर जाळपट्टे, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढायचे आमचे राहून गेले होते, आणि कोण टाळत होते यावरून त्या आठवड्यात भांडणे झाली. दोघे जण त्यानंतर आले नाहीत. ओल्या फांद्यांनी झोडपून आम्ही आग विझवली, तरी जवळजवळ सगळा एक उतार काळा पडला. वहीत ओळीमागून ओळ ‘गेले’ असे लिहिताना माझा हात थांबला होता. पावसानंतर त्यांतील काही पळस मुळातून पुन्हा फुटले, तेव्हा त्या नोंदी मला खोडाव्या लागल्या. त्या भांडणानंतरही जे आले, त्यांनाच मी आज मित्र म्हणतो. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रात्री रुग्णालयात बसायला त्यांच्यापैकी तिघे आले होते.

तेव्हा आपण ५ जूनच्या, पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमाची वाट पाहू नये. आपल्या शहराजवळ कोणता गट वर्षभर, विशेषतः उन्हाळ्यात, काम करतो ते पाहावे. समुद्रकिनारी असाल तर काम वेगळे असेल: मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याची सफाई २०१५ साली सुरू झाली, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे समुद्री कासवांची घरटी राखण्यात गावकरीच पुढे आहेत. जमीन वनविभागाची असेल तर परवानगी आहे ना, आणि रोपे स्थानिक जातीची आहेत ना, हे आधी विचारावे. या प्रश्नांनी चिडणाऱ्या गटात मी तरी जाणार नाही. पहिले २-३ महिने कोणी फारसे बोलणार नाही, कारण चढावर सर्वांनाच धाप लागलेली असते. त्याचा राग मानू नये.

आणि १० लिटरचा एक कॅन नेण्यापेक्षा ५-५ लिटरचे दोन घ्यावेत, दोन्ही हातांत सारखे वजन असले की मुरमाच्या उतारावर पाय घसरत नाही.