पॉपॉला सावली किती दिवस?

पान करपलं म्हणून रोप उपटून सावलीत नेऊ नका. तुमच्या पॉपॉच्या वर्षभर वयाच्या दोन रोपांपैकी उघड्यावरचं कडांनी जळलंय, मोठ्या झाडाखालचं हिरवंगार आहे आणि आता दोन्ही सावलीतच लावायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. यंदा सावली हवीच, पण ती तात्पुरती.

पॉपॉ म्हणजे पपई नव्हे (हे दरवेळी सांगावं लागतं). ते सीताफळाच्या कुळातलं, उत्तर अमेरिकेच्या पानझडी जंगलात उंच झाडांच्या छायेत उगवणारं. त्यामुळे पहिली एकदोन वर्षं कोवळ्या पानांना भर दुपारचं ऊन झेपत नाही. मात्र सावलीत ते जन्मभर राहिलं, तर विरळ, लांबुडकं होतं आणि फळं जेमतेम धरतं. मोकळ्या उन्हात तेच झाड खालपासून फांद्या घेऊन शंकूसारखं भरतं.

तेव्हा जागा उन्हाची निवडा आणि सावली रोपापाशी न्या. चार काठ्या ठोका, वर आणि दुपारच्या उन्हाच्या बाजूला 50 टक्क्यांची शेडनेट बांधा. सकाळचं ऊन येऊ द्या. दोनेक वर्षांनी नेट काढायची ती झाड निष्पर्ण असताना. नवी पालवी उन्हातच फुटली की ती उन्हाला सरावलेली असते. सावलीत वाढलेल्या पानांवर भर उन्हाळ्यात एकदम ऊन पाडलंत, तर ती भाजणारच. पाणीही बघा. निम्म्या वेळा उन्हाच्या नावावर खपणारी करपण ही तहान असते. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्या, खोडापासून चार बोटं लांब.

हलवाहलवीबद्दल माझा हात पोळलाय. ‘मोठं होऊ दे, मग उन्हात नेऊ’ म्हणून तीन वर्षं सावलीत ठेवलेलं रोप मी खणून काढलं. सोटमूळ माझ्या फावड्यापेक्षा बरंच खोल गेलं होतं, ते तुटलं. रोप पुढचं वर्षभर नुसतं उभं राहिलं आणि मग वाळलं. मुळं मांसल आणि ठिसूळ, तुटली की सहज सावरत नाहीत.

तुमचं झाडाखालचं रोप लहान आहे तोवरच, वसंतात कळ्या फुगू लागताना, खोल मातीच्या गड्ड्यासकट हलवा. दुसऱ्यापासून अडीच मीटरवर लावा. दोन्ही जगवाच, कारण पॉपॉ सहसा स्वतःच्या परागावर फळत नाही. आणि एकाच झाडाच्या मुळावरचे फुटवे दुसरं झाड म्हणून मोजू नका.