लडाखमधली जांभळ्या फुलांची गादी लातूरला कुंडीत जगेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेहुणे लष्करात आहेत, लडाखला ड्युटीवर. बर्फ वितळून ओल्या झालेल्या खडकाळ उतारावर त्यांना जांभळ्या फुलांची, जमिनीला चिकटून पसरलेली गादी दिसली. त्यांनी जवळून फोटो काढून पाठवला. सुट्टीवर येताना ती मुळासकट आणायला सांगावी का, आणि लातूरला गच्चीवर कूलरसमोर ठेवली तर जगेल का?

आणायला सांगू नका. जगणार नाही. पण तुम्ही इतकं बारकाईने विचारलंय, तर नुसतं ‘नाही’ म्हणून थांबवत नाही.

तुम्ही लिहिलंय की पानं तांदळाच्या दाण्याहून लहान आहेत, समोरासमोर जोडीने येऊन फांदीवर चार रांगांत दाटलेली आहेत आणि प्रत्येक पानाच्या टोकाला पांढरा ठिपका आहे. फूल पाच पाकळ्यांचं. या खुणांवरून ही सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया असणार. काश्मीर-लडाखकडच्या उंच डोंगरांत ती आढळते, शिवाय आल्प्स, स्कॉटलंड आणि उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशातही. कॅनडातल्या नुनावुत प्रदेशाचं ते अधिकृत फूल आहे.

तो पांढरा ठिपका म्हणजे चुना. पानाच्या टोकाला सूक्ष्म छिद्र असतं. मुळांनी ओढलेलं पाणी त्यातून पाझरतं, हवेत उडून जातं आणि पाण्यातला चुना तिथेच साचतो. भिंगातून पाहिलंत तर पुटकुळीसारखा कण दिसेल. मला या वनस्पतीतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते, फुलांपेक्षाही. आणि चुन्यापुरतं बोलायचं तर आपल्या रानात काहीच कमी नाही. लातूर-धाराशिवकडच्या कितीतरी शेतांत हातभर खणलं की चुनखडीचे खडे लागतात. म्हणजे अडचण तिथे नाही.

अडचण उष्णतेची आहे, आणि ती कूलरने सुटणारी नाही. ख्रिश्चन कोर्नर या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या डोम शिखरावर, ४५०५ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेतीनपट उंचीवर, हीच वनस्पती फुललेली पाहिली. २०११ साली त्याने तिथली मोजमापं प्रसिद्ध केली. ऐन उन्हाळ्यातही ती रोज रात्री गोठत होती, आणि नोंदीतलं सर्वांत जास्त तापमान १८ अंशांच्या आसपास होतं. आपल्याकडे डिसेंबरातली दुपारही याहून गरम असते. सगळीकडची सॅक्सिफ्रागा इतक्या टोकाच्या थंडीत राहत नाही हे खरं, समुद्रकाठच्या सखल जागीही ती वाढते. पण त्या जागाही थंडच आहेत.

मेची दुपार सावली करून, पाणी शिंपडून एकवेळ निभावता येईल. घात करते ती रात्र. वनस्पती उजेडात अन्न बनवते आणि रात्रंदिवस श्वसनात ते खर्च करते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा खर्च साधारण दुपटीवर जातो. थंड मुलखातल्या वनस्पतीचा हिशोब गार रात्रींवर बसलेला असतो. लातूरला मे महिन्यात रात्रीही पारा २५च्या खाली फारसा उतरत नाही, त्यामुळे दिवसभराची कमाई रात्रीच संपते आणि साठवलेलं अन्नही जातं. वरून पान हिरवं दिसतं, आणि एके दिवशी अख्खी गादी तपकिरी पडते.

त्यात तिची ठेवणच उलटते. जमिनीला चिकटून दाट वाढल्यामुळे वारा आत शिरत नाही आणि उन्हाची ऊब अडकून राहते. थंड डोंगरावर अशी गादी भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गरम होते, म्हणून तर तिथे तिचा निभाव लागतो. हीच ठेवण आपल्या गच्चीवर तिला भाजून काढेल.

ओलीचंही असंच. तिला लागणारी ओल वितळत्या बर्फाची, गार आणि खडीतून वाहून जाणारी. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर तिचे दोन प्रकार नोंदलेले आहेत. ओलसर सखल जागी लांब फांद्या टाकत सरपटणारा, आणि कोरड्या उंचवट्यावर घट्ट पुंजका करणारा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, हवा कोंडते, गरम चिखलात मुळं सडतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या बियांबद्दलही सांगून ठेवतो. बी ओल्या वाळूत घालून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवू शकतं, कारण त्याला थंडीच हवी असते. रोप दिसलं की आशा वाटते, पण फेब्रुवारी-मार्चनंतर त्याला ठेवणार कुठे? त्यात पैसे घालू नका.

आणि मेहुण्यांना हे जरूर सांगा: उपटायची नाही. ती गादी फार हळू वाढते. पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बर्फाखाली थांबलेल्या असतात, म्हणून तर बर्फ सरताच ती सर्वांआधी फुलते. हातभर रुंद गादी म्हणजे कित्येक वर्षांचं काम. त्यापेक्षा त्याच गादीचा फोटो ऑगस्टात पुन्हा मागवा, फळं धरलेली दिसतील.

गच्चीवर तुम्हाला हवी ती पसरणारी हिरवी गादी, वर बारीक फुलं. ती आपल्याकडे आहे. तलावाच्या काठावर, ओढ्यात, कालव्याच्या झिरपणीवर जलपिंपळी बघा, काही जण तिला रतोलिया म्हणतात. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे फुलांचे गेंद, कडेने पांढरट-गुलाबी, मध्ये जांभळट. मधमाश्या आणि फुलपाखरं कायम. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, म्हणून तीन-चार पेरांचे तुकडे आणा, पसरट कुंडीत मुरूम, माती आणि शेणखत मिसळून त्यात आडवे दाबा. पहिले पंधरा दिवस ओल मोडू देऊ नका. खारट पाणीही ती सोसते, म्हणून आरओ मशीनचं सोडलेलं पाणी चालेल. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे मला महत्त्वाचं वाटतं. मात्र कुंडीतच ठेवा, वाफ्यात सोडलीत तर दुसऱ्या झाडांना जागा ठेवणार नाही.

पाणी द्यायला रोज जमणार नसेल तर चिनी गुलाब लावा. पण तुमच्या फोटोतल्या ठेवणीच्या जवळची जलपिंपळीच. जूनचे पहिले दोन पाऊस झाले की तुकडे आणा, मेमध्ये नको.