एमआरआय नॉर्मल आला, मग स्किझोफ्रेनिया कसा?

प्रश्न: स्किझोफ्रेनियाच्या वेगवेगळ्या टप्प्यांत मेंदूच्या रचनेत काय बदल होतात? माझ्या भावाचा एमआरआय नॉर्मल आलाय. निदान चुकलं असेल का?

उत्तर: नॉर्मल एमआरआयवरून निदान चुकलं असं अजिबात ठरत नाही. हे वाक्य मी आमच्या काकांना नऊ वर्षं ऐकवतेय.

दादा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. आधी अंघोळ सुटली, मग मित्र, मग बातम्या देणारी बाई माझ्याबद्दलच बोलतेय म्हणून टीव्ही बंद. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तो गाठबिठ नाही ना, एवढं बघायला. काकांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "स्वच्छ आहे की! नाटकं आहेत पोराची. गावी पाठवा, शेतात राबला की येईल ताळ्यावर." काका जमीनमोजणीतून निवृत्त. नकाशे वाचण्यात जन्म गेला, त्यात हा एक. बाबा मोठ्या भावापुढे कधी तोंड उघडत नाहीत. गोळ्या बंद झाल्या.

अडीच महिन्यांनी पहाटे उठले तर दादा सगळ्या स्विचबोर्डांवर ब्राउन टेप चिकटवत होता. फ्रिजचा प्लग काढलेला, दूध नासलेलं. मला म्हणाला, "हळू बोल, ऐकताहेत." तीन आठवडे ॲडमिट.

आता टप्पे. आजार उघड होण्याआधीच मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागातलं करडं द्रव्य (ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूच्या पेशी जिथे दाटलेल्या असतात तो भाग) किंचित कमी झालेलं असू शकतं. आजाराचा धोका जास्त असलेल्या मुलांपैकी ज्यांना पुढे तो होतो त्यांच्यात ही घट जास्त वेगाने होते. पहिल्या झटक्याच्या वेळी हिप्पोकॅम्पस (आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग) थोडा लहान, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या थोड्या मोठ्या. जुन्या रुग्णांच्या या पोकळ्या मोठ्या असतात हे लंडनमध्ये 1976 साली सीटी स्कॅनवर दिसलं होतं. पुढे काहींच्यात घट वाढत जाते, काहींच्यात नाही. पण हे सगळं शेकडो जणांच्या सरासरीत दिसतं. एका माणसाच्या फिल्मवर ते ओळखता येत नाही, कारण निरोगी माणसांच्या मेंदूंतच त्याहून जास्त फरक असतो. निदान होतं ते लक्षणांवरून.

काकांनी हार मानली नाही. "औषधांनीच मेंदू आकसतो" असा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. अमेरिकेत आयोवाच्या संशोधकांनी 211 रुग्णांवर सरासरी सात वर्षं नजर ठेवली. जास्त औषध घेणाऱ्यांत घट थोडी जास्त दिसली. तो अभ्यास 2011 चा. त्याच गटाने 2013 मध्ये सांगितलं की आजार जितका जास्त काळ उलटलेला राहतो, तितकी घटही जास्त. हा दुसरा भाग काकांच्या फॉरवर्डमध्ये नव्हता. तेव्हा डोस कमी करायचा तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून नाही, मग ते कितीही मोठे असोत.

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. तुमच्या भावाचं निदान खरंच चुकलेलंही असू शकतं, शंका असेल तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. फक्त ती फिल्म नातेवाइकांच्या हाती देऊ नका. आमची कपाटामागे आहे. काका आले की अजून विचारतात, कुठे ठेवलीय म्हणून.