व्हील कॅपचा रंग सुटतोय? नवा डबा आणण्याआधी कॅप उलटी करून बघा

लाल हॅचबॅक, बाहेरून घेतलेल्या काळ्या १४ इंची व्हील कॅप, घरीच स्प्रे मारून बॉडीसारख्या लाल केलेल्या, आणि वॉशिंगला नेल्यावर रंगाचे पापुद्रे. तुमची पोस्ट वाचताना मला माझ्याच गाडीची चाकं दिसायला लागली. त्यातला जवळून काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तळहाताएवढा पापुद्रा अखंड सुटलाय, त्याच्या मागच्या बाजूला राखाडी प्रायमर (रंगाखाली पकडीसाठी मारतात तो थर) तसाच चिकटलेला आहे आणि खालचं प्लास्टिक एकदम कोरं, काळं. तुम्ही ज्याला विचारलंत तो पेंटर म्हणतोय की लांबी (पुट्टी) भरून पुन्हा एकदा मारू. कृपा करून तसं करू देऊ नका. कॅप दाबल्यावर वाकते, लांबी वाकत नाही. ती तडकणार आणि रंगाला घेऊन निघणार.

आधीच सांगतो, मी पेंटर नाही, पेंटच्या धंद्यातलाही नाही. गाडीची बरीचशी कामं स्वतः करणारा माणूस आहे, एवढंच. तुमच्या कॅप कुठल्या प्लास्टिकच्या आहेत हे फोटोवरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण लक्षणं अगदी ओळखीची आहेत. धुणं, घासणं, मास्किंग यावर लिहीत नाही, ते तुम्ही नीट केलेलं दिसतंय.

मुख्य मुद्दा असा. रंग प्रायमरवरून सुटला असता तर दोष रंगाचा किंवा घाईचा. तुमचा रंग प्रायमरसकट प्लास्टिकवरून सुटलाय. म्हणजे प्रायमरने प्लास्टिक पकडलंच नाही. अशा वेळी महागातला रंग आणा, चार हात जास्त मारा, वरून क्लियर (चकाकीचा पारदर्शक थर) चढवा, काही उपयोग नाही. सगळं मिळून एकदम निघेल.

कॅप काढा आणि उलटी करा. आतल्या बाजूला, बहुतेक वेळा मधल्या भागात किंवा एखाद्या क्लिपच्या बुडाशी, दोन कोनी कंसांत बारीक अक्षरं साच्यातच उठवलेली असतात. ती प्लास्टिकच्या जातीची खूण. तिथे एबीएस असेल तर तुमचं नशीब चांगलं. एबीएस रंग छान धरतं, साधा प्लास्टिक प्रायमरही चालून जातो. फक्त त्याला थिनरने पुसायचं नाही, पृष्ठभाग विरघळतो आणि पुढे बारीक चिरा पडतात. पीए लिहिलं असेल तर ते नायलॉन. आणि पीपी लिहिलं असेल, मग पुढे अधिक चिन्ह, टी, टीडी, आकडे काहीही असो, तर ते पॉलिप्रॉपिलीन. बाहेर मिळणाऱ्या स्वस्त कॅपमध्ये हेच खूप असतं. याच्या अंगाला रंग चिकटत नाही, पाणीसुद्धा थेंब होऊन घरंगळतं. बादल्या, डबे, खुर्च्या कशाच्या असतात ते आठवा आणि त्यावर रंग किती टिकतो तेही आठवा.

बिनानावाच्या कॅपवर शिक्काच नसतो कधीकधी. मग आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा ब्लेडने तासून घ्या आणि पाण्याच्या ग्लासात टाका. बोटाने एकदा पाण्याखाली दाबा, म्हणजे हवेचे बुडबुडे सुटतील. वर येऊन तरंगला तर पीपी समजायला हरकत नाही, कारण त्याची घनता ०.९ च्या आसपास असते. एबीएस आणि नायलॉन दोन्ही पाण्यापेक्षा जड. मात्र बुडाला म्हणून पीपी नाहीच असं धरू नका. शंखजिऱ्याची पूड मिसळलेलं पीपीही बुडू शकतं. अशा वेळी पीपी समजूनच काम करावं, नुकसान काही नाही.

आता माझं काय झालं ते. मी रंग घरी मारला नव्हता, मुद्दाम शहरातल्या एका मोठ्या बॉडीशॉपकडे दिला होता. नाव लिहीत नाही, विचारूही नका. काचेची केबिन, पेंट बूथ, कॉफीचं मशीन, सगळं. काउंटरवरच्या सल्लागाराला मी कॅपच्या मागचं पीपी बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं की याच्याखाली नेमकं काय मारणार? उत्तर आलं, "साहेब, आम्ही रोज बंपर मारतो. बंपर पण प्लास्टिकच असतो ना?" बंपरही पीपीच्याच घराण्यातला असतो, त्यामुळे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं. त्यातली मेख मला बऱ्याच नंतर, बाजारातल्या एका जुन्या पेंटरने सांगितली. कंपनीकडून रंगवायला येणारा नवा बंपर बहुतेक वेळा प्रायमर लागूनच येतो. अपघाताच्या गाडीचा जुना बंपर असेल तर त्यावर कंपनीचा रंग असतोच. म्हणजे रोज बंपर मारणाऱ्या माणसाच्या हाताखाली कोरं पीपी क्वचितच येतं. त्याने आयुष्यभर आधीच बसलेल्या थरावर रंग मारलेला असतो. माझ्या कोऱ्या कॅपवरही त्यांनी पत्र्यावर मारायचा नेहमीचा प्रायमर मारला, वर उत्तम रंग, वर उत्तम क्लियर. डिलिव्हरीच्या दिवशी काम आरशासारखं दिसत होतं. सांगण्यासारखं वाईट काहीच नव्हतं.

पुढे प्रेशर वॉशरचं पाणी एका कडेला लागलं आणि उन्हात जळलेल्या पाठीची कातडी सुटावी तसा रंग सुटायला लागला. परत नेली. "तुम्ही प्रेशर जास्त मारलंय." चिखलपाणी झेलायला चाकावर लावलेली वस्तू पाण्याने धुवायची नाही, हे कसं काय? मी एकच मागणी केली: खाली कुठला प्रायमर वापरला ते लिहून द्या. ते शेवटपर्यंत मिळालं नाही. जॉबकार्डावर "प्लास्टिक पार्ट ४ नग पेंट" एवढंच. मॅनेजर मीटिंगमध्ये, सल्लागार सुट्टीवर, मेलला उत्तर नाही. शेवटी "गुडविल म्हणून" पुन्हा मारून देतो म्हणाले, आणि जुना रंग न काढता सुटलेल्या जागा घासून त्यावरच दुसरा थर चढवला. या वेळी आतली बाजूही झाकली नाही. क्लिपांवर आणि स्टीलची रिंग बसते त्या खाचांत रंग साचला, रिंग नीट बसेना. सातारा रस्त्यावर एक कॅप सुटून गेली. मागे दुचाकीवाला नव्हता म्हणून, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही नकोसा वाटतो. सुटी एक कॅप कुठे मिळेना, पूर्ण सेट घ्यावा लागला. रंगापेक्षा हे महागात गेलं, आणि राग त्याचाच आहे. प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला "आम्हाला शिकवू नका" अशा नजरेने बघायचं आणि काम फसलं की त्याच्याच माथी मारायचं, ही वृत्ती मला मुळीच पटत नाही.

जाता जाता, कोणाला अशी वेळ आली तर जीएसटीचं पक्कं बिल आणि जॉबकार्ड जपून ठेवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे नोंद झाल्यावरच मॅनेजरचा मला पहिल्यांदा स्वतःहून फोन आला. रंगाचे पैसे परत मिळाले, कॅपचे नाही. प्रत्येकाला असाच अनुभव येईल असं म्हणत नाही.

आता तुमच्या कॅपचं. सुटणारा सगळा रंग काढून टाका; "इथे तरी घट्ट आहे" म्हणून काही ठेवू नका. मग पीपीसाठीचा अ‍ॅडहेजन प्रमोटर आणा. दुकानात फक्त "प्लास्टिक प्रायमर" मागितलात तर काहीही हातात देतील. डब्यावर पीपी किंवा टीपीओ (पीपीच्याच घराण्यातलं लवचिक प्लास्टिक) असा स्पष्ट उल्लेख असलेलाच घ्या. हा पारदर्शक, पाण्यासारखा पातळ असतो, त्यात क्लोरिनेटेड पॉलीओलेफिन असतं आणि त्याचं काम एका बाजूने पीपीला, दुसऱ्या बाजूने रंगाला धरणं एवढंच. एकसारखा पातळ हात पुरे. जाड मारला की उलट तोच थर कच्चा राहतो. त्यावर सँडपेपर मारायचा नाही, आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच पुढचा थर द्यायचा. सकाळी प्रमोटर मारून दुपारी जेवून रंग मारू असं चालत नाही. प्रमोटर मारण्याआधी कॅप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टायर पॉलिश किंवा डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन राहिलं असेल तर रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात, त्यामुळे पॉलिशचं फडकं त्या खोलीतसुद्धा नको.

सगळ्या कॅपवर मारण्याआधी एका कॅपच्या आतल्या बाजूला पूर्ण प्रयोग करा: प्रमोटर, प्रायमर, रंग. पक्कं वाळलं की ब्लेडने बारीक चौकटी पाडा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटी पट्टीवर आल्या तर तो माल पुढे वापरू नका.

तुमचा लाल रंग काळपट, मरून रंगासारखा दिसतोय, याचं कारण मला खालचा गडद थर वाटतो. लाल रंगाची झाकण्याची ताकद कमी. काळ्या किंवा गडद राखाडीवर तो मळकट दिसतो आणि मग माणूस हातावर हात मारत सुटतो, त्यातून ओघळ. खाली पांढरा किंवा फिका राखाडी प्रायमर घ्या. आणि तयार "लाल" डबा घेऊ नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर रंगाचा कोड सापडतो, नाहीतर शोरूममध्ये चासी नंबरवरून सांगतात. पण गाडीला काही वर्षं झाली असतील तर नुसत्या कोडवर जाऊ नका, कारण लाल रंग उन्हाने उतरतो. पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून मिक्सिंगवाल्याकडे न्या. ते बॉडीइतकंच ऊन खाल्लेलं असतं आणि खिशात मावतं. तो समोर पट्टी मारून दाखवेल. ट्यूबलाइटखाली बघू नका, दुकानाबाहेर उन्हात धरून बघा. मोठ्या शहरांतले काही मिक्सिंगवाले तोच रंग स्प्रे कॅनमध्ये भरून देतात. थोडा फरक राहिला तरी फार जीवाला लावून घेऊ नका. चाक बॉडीच्या खाली, सावलीत असतं आणि त्यावर ब्रेकची धूळ बसते.

क्लियरबद्दल माझं मत ठाम आहे. चाकावर हार्डनरवालाच (कडक होण्यासाठी दुसरं रसायन मिसळलेला) क्लियर हवा. साध्या कॅनचा क्लियर पेट्रोलच्या थेंबाने मऊ पडतो. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ती श्वासावाटे जाणं धोक्याचं, आणि रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. घरात लहान मुलं असतील तर हे काम घरी करूच नका. प्रमोटर, प्रायमर, रंग तुम्ही करा आणि क्लियर योग्य मास्क वापरणाऱ्या पेंटरकडून मारून घ्या. तुमच्या रंगावर त्याचा क्लियर जमतो का, हे त्याच प्रयोगाच्या तुकड्यावर आधी बघायचं. मोबदला थोडा जास्त मागेल, द्या. फुप्फुसं त्याचीही आहेत.

नाशिकला आहात म्हणजे पावसाळा सोडला तर हवा साथ देईल. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. थंडीत पहाटे नको, भर उन्हातही नको, उन्हात रंगाचे थेंब पोहोचेपर्यंत सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

आरटीओचं विचारलंय, तर आरसीवर नोंदलेला रंग गाडीच्या बॉडीचा असतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आरसीवरच्या नोंदीशी विसंगत ठरणाऱ्या बदलांबद्दल आहे. व्हील कॅपचा रंग त्यात येत नाही.

दिसण्याबद्दल न विचारता सांगतो, राग मानू नका. पूर्ण कॅप लाल केली की चाक लहान दिसतं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या मर्सिडीजच्या गाड्यांना बॉडीच्या रंगाच्या कॅप असत, पण तिथे रंग मधल्या भागात आणि कडेला चकचकीत धातू, म्हणून ते शोभायचं. तुमच्या कॅपला मधली गोल चकती वेगळी दिसते आहे. तेवढीच लाल करून पाती काळी ठेवलीत तर छान दिसेल, आणि खडे उडून टवके पडतात ती कडही वाचेल. आवड ज्याची त्याची.

बसवताना क्लिपा आणि खाचा कोऱ्या आहेत ना ते बघा, व्हॉल्व्हची खाच व्हॉल्व्हसमोर आणा, आणि तळहाताने गोल फिरत दाबा, लाथेने नाही. रंग पुरता कडक व्हायला निदान आठवडा द्या, तोवर गाडी बिनकॅपची फिरवा. माझ्या नव्या सेटला मी प्रत्येक कॅपला एक काळा केबल टाय रिममधून ओवून टाकलाय, दिसत नाही.

काही विकत घेण्याआधी कॅपच्या आतल्या बाजूचा एक फोटो इथे टाका. शिक्का वाचता येईल इतका जवळून.