आधी दिसलं ते, मग वाटलं ते

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं मतांची आहेत. समांतर सिनेमाचं काय झालं, मराठी चित्रपट कुठे कमी पडतो, ओटीटीमुळे प्रेक्षक कसा बदलला. ही मतं बरोबर असतील, पण मला त्यात रस नाही. शेवटच्या पानावर मात्र ओघात एक ओळ आली आहे. आठवडी बाजार उठल्यावर मिठाचं पोतं होतं त्या जागी पांढरा चौकोन उरतो आणि गुरं तो चाटायला येतात. ही ओळ तू लिहू शकतेस, म्हणून एवढं लांब उत्तर लिहितो आहे.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला अर्ज करायचा का, केला तर दिग्दर्शनाला की ध्वनीला, क्लास लावू का, कॅमेरा घेऊ का, असे तुझे चार प्रश्न. चारही प्रश्नांना माझं उत्तर एकाच ठिकाणाहून येतं, ते आधी सांगून टाकतो. आधी दिसलं ते सांगायचं, मग वाटलं ते. ऐकू आलं तेही दिसण्यातच धरायचं. प्रवेश परीक्षेत, मुलाखतीत, शॉट लावताना, एडिट टेबलावर, सगळीकडे हाच क्रम. बहुतेक मुलं तो उलटा लावतात आणि तिथेच अडकतात.

आता विभागाचं. तीन वर्षांचे अभ्यासक्रम पाच: दिग्दर्शन आणि पटकथालेखन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन. अभिनय, पटकथा आणि टीव्ही विभागाचे अभ्यासक्रम याहून कमी मुदतीचे. एकेका विभागात मोजक्याच जागा, आणि त्यासाठी देशभरातून अर्ज. बहुतेक विभागांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. ध्वनीला बारावीत भौतिकशास्त्र असावं लागतं, कला दिग्दर्शनाला चित्रकला, उपयोजित कला, वास्तुकला अशा विषयांची पार्श्वभूमी. तू बी.एस्सी. आहेस, म्हणजे ध्वनीची वाट तुला मोकळी आहे. ती 'दिग्दर्शन मिळालं नाही तर' म्हणून धरायची असेल तर धरू नकोस. मुलाखत घेणाऱ्यांना दहा मिनिटांत कळतं. तुझ्या पत्रात मला मात्र वेगळंच दिसलं. बाजाराच्या त्या परिच्छेदात तू रंग एकच लिहिला आहेस आणि आवाज पाच: तराजूची साखळी, ताडपत्री ओढल्याचा, गुळाची ढेप फोडल्याचा, टेम्पोचा, आणि सगळं थांबल्यावर उरलेला हातपंपाचा. हे तू ठरवून केलेलं नाहीस. म्हणून सांगतो, घरी बसून 'मी दिग्दर्शक की तंत्रज्ञ' हा घोळ घालत बसू नकोस. आपल्याला नेमकं काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते महिनाभर कागदावर उतरव. विभाग त्या कागदांतूनच निघेल.

लेखी परीक्षेत एक भाग पर्यायी उत्तरांचा आणि दुसरा सविस्तर लिहिण्याचा. पहिल्यासाठी चित्रकला, संगीत, साहित्य, नाटक, चित्रपटाचा इतिहास, चालू घडामोडी आणि तर्क एवढं साधारण वाचन हवं. पुरस्कारांच्या याद्या पाठ करण्यात रात्री घालवू नकोस. क्लासवाले त्याच याद्या देतात, कारण याद्याच शिकवता येतात. खरी गळती दुसऱ्या भागात होते. तिथे एखादा प्रसंग देऊन दृश्य लिहायला सांगतात. समज, विषय आहे 'रात्री एसटी स्टँडवर शेवटची गाडी चुकलेली बाई'. शेकडो मुलं लिहितात: 'ती हताश झाली. तिच्या मनात भूतकाळाच्या आठवणी दाटून आल्या. तिला स्वतःच्या एकटेपणाची जाणीव झाली.' या तीन वाक्यांचा एकही शॉट लावता येत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा? काय ऐकवायचं?

हेच असं लिही: 'चौकशीच्या खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला. ती वाकून फटीतून पाहते. बाकावर येऊन बसते, पिशवीतून डबा काढते, झाकणावर हात ठेवून थांबते, डबा परत आत ठेवते. डोक्यावरच्या ट्यूबचा गुणगुणाट. झाडणारा माणूस तिच्या पायांशी येऊन थांबतो. ती पाय वर घेते.' यात 'हताश' हा शब्द कुठेही नाही, आणि त्याची गरजही नाही. वाचणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो, कारण तू दिसलं ते आधी सांगितलंस.

तू एकांकिका केल्या आहेस, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दिग्दर्शनाचं बक्षीसही आहे. त्याचा अभिमान बाळग, नटांबरोबर काम करण्याची सवय तुला इतरांपेक्षा पुढे ठेवेल. पण त्याच सवयीचा एक तोटा आहे. आपल्या एकांकिकांत पात्रं सगळं बोलून दाखवतात, कारण शेवटच्या रांगेपर्यंत चेहरा पोचत नाही. तुझ्या पत्रासोबतच्या पटकथेत वडील मुलीला म्हणतात, 'मी तुझ्यावर कधी प्रेम दाखवू शकलो नाही.' हे वाक्य काढ. वडील काय करतात ते शोध. सापडत नसेल तर तो माणूस तू अजून पाहिलेलाच नाहीस.

सरावाची पद्धत सांगतो, ती जशीच्या तशी कर. रोज अर्धा तास एकाच ठिकाणी बसायचं: पिठाची गिरणी, तहसील कचेरीचा व्हरांडा, सलूनचा बाक. पहिल्या दिवशी फक्त जे दिसतं ते, दोनशे शब्द, विशेषणं शक्य तितकी कमी. दुसऱ्या दिवशी तिथेच, फक्त आवाज, जवळचे आणि लांबचे वेगळे करून. तिसऱ्या दिवशी फक्त हात. चौथ्या दिवशी त्या तीन कागदांवरून दोन रकाने पाडायचे, डावीकडे चित्र, उजवीकडे ध्वनी, आणि एका मिनिटाचं दृश्य मांडायचं. उजवा रकाना रिकामा राहिला किंवा तिथे 'करुण संगीत' असं लिहिलंस, तर दुसऱ्या दिवसाचं काम कच्चं आहे. परत जा.

चित्रपट पाहण्याचंही तेच. 'कोणते शंभर चित्रपट पाहू?' असंही तू विचारतेस. आधी एका चित्रपटाची पाच मिनिटं नीट पाहा. एकदा आवाज बंद करून, शॉट मोजत: प्रत्येक शॉटमध्ये माणूस किती मोठा दिसतो, कॅमेरा कुठल्या उंचीवर आहे, हलतो का, कट कोणत्या हालचालीवर आला. मग पडद्याकडे पाठ करून फक्त ऐक. संवादाच्या खाली काय चाललंय, शांतता खरंच शांत आहे का. मग पुन्हा सगळं एकत्र. दीड तास जाईल. हे केल्यावर तू 'अप्रतिम चित्रण' हे दोन शब्द पुन्हा लिहिणार नाहीस.

कॅमेरा विकत घेऊ नकोस. हातातला फोन पुरे. त्यात हाताने नियंत्रण देणारं ॲप घाल, सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर सेकंदाच्या १/५० वर ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. साध्या ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि फोनच्या ठरीव ३० फ्रेम्सवर चित्रात लहर किंवा पट्टे दिसू शकतात. एक्सपोजर आणि फोकस लॉक कर, नाहीतर पांढऱ्या सदऱ्याचा माणूस फ्रेममध्ये आला की मागची भिंत काळी पडते. कोणताही एक उद्योग निवड, कुलूप दुरुस्त करणं, भाकरी थापणं, आणि सहा शॉट घे, प्रत्येकी पाचेक सेकंदांचे, कॅमेरा न हलवता, झूम न करता. संगीत लावायचं नाही. आवाज वेगळा घे, दुसरा फोन कामाच्या हातभर अंतरावर ठेवून. पंखा आणि फ्रिज बंद कर (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे निघताना तो उघडावाच लागतो आणि पुन्हा चालू करायचं राहत नाही), आणि शेवटी कोणीही न बोलता तीस सेकंद त्या खोलीचा आवाज घे. तो रूम टोन नसला तर एडिटमध्ये प्रत्येक कटला आवाजात खड्डा पडतो. सहा शॉट जोडल्यावर काम समजलं नाही, तर चूक जवळपास नेहमी एकच असते. जी क्रिया महत्त्वाची होती तिच्या ऐवजी तू जो कोन सुंदर वाटला तो घेतलेला असतो.

माझ्यावर आक्षेप येतो की मी एकाच गोष्टीचा धोशा लावतो, मुलांची कल्पनाशक्ती बांधून घालतो, आता काळ बदलला. काळ बदलला हे मला मान्य आहे. ३५ मिलिमीटरच्या चारशे फुटांच्या रिळात साडेचार मिनिटंसुद्धा भरत नाहीत, त्यामुळे बटण दाबण्याआधी काय पाहायचं ते ठरवावंच लागायचं. आताचं मेमरी कार्ड संपत नाही, म्हणून ठरवणं पुढे ढकललं जातं, आणि संकलन करणाऱ्याच्या गळ्यात तासन्‌तासांच्या रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, पडतात. जी शिस्त यंत्र लावत होतं ती आता माणसाला लावून घ्यावी लागते. म्हणूनच धोशा. कल्पनाशक्ती बांधली जाते म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं: मिठाचा पांढरा चौकोन कल्पनेने सुचत नाही. तो बाजारात थांबलेल्याला दिसतो. किती तरी हुशार मुलांच्या उत्तरपत्रिका मतांच्या ओझ्याखाली गेलेल्या पाहताना जीव तुटतो. त्यांतल्या प्रत्येकाला घरचा ओटा, शाळेचं मैदान, आजारी माणसाची खोली माहीत असते, आणि ते लिहितात 'सिनेमा समाजाचा आरसा आहे'.

लेखी पार पडलं की पुढची फेरी आणि मुलाखत. अर्जात ज्याचं नाव लिहिशील त्यावरच विचारतील. 'हा दिग्दर्शक का आवडतो?' याला 'कारण तो मानवी नात्यांवर भाष्य करतो' हे उत्तर कोणाबद्दलही देता येतं, म्हणून ते कुचकामी. एक शॉट सांग. दार कुठे होतं, माणूस कुठे उभा होता, आवाज कधी थांबला. मग तुला काय वाटलं ते सांग, आता त्याला वजन येईल. एखादं छायाचित्र पुढे ठेवतील, आवाज ऐकवून ओळखायला सांगतील. नाही ओळखता आलं तर अंदाजाचं नाव फेकू नकोस. 'धातूवर धातू, मोठ्या बंद जागेत, लयीत' असं वर्णन कर. इंग्रजीची धास्ती सोड. तिथे देशभरातून येणाऱ्या कितीतरी जणांची इंग्रजी तुझ्यासारखीच असते. उत्तरं कोणत्या भाषेत चालतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घे.

कागदपत्रांचं आत्ताच बघ. ही केंद्र सरकारची संस्था आहे, २०२५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ओबीसीतून अर्ज करायचा असेल तर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याच्या नमुन्यातलं पुढे करून मुलं ऐन वेळी अडकतात. आपल्याकडचे विमुक्त-भटके आणि विशेष मागास हे गट केंद्राच्या यादीत वेगळे नसतात. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते तपासून मगच सेतू केंद्रात जा. शुल्क आणि वसतिगृहाचे आकडे दरवर्षीचे वेगळे, ते ऐकीव धरू नकोस. एकाच ठिकाणी जीव टांगू नकोस, कोलकात्याची सत्यजित राय इन्स्टिट्यूट आणि दिल्लीच्या जामिया मिलियाचं मास कम्युनिकेशन केंद्र यांचेही अर्ज भर.

प्रवेश मिळाला तर १९६० मध्ये जिथे ही संस्था स्थापन झाली त्या, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात तू असशील. पहिल्या वर्षीचे सराव तुला क्षुल्लक वाटतील. कंटिन्यूइटीचा सराव म्हणजे माणूस दार उघडून आत येतो आणि बसतो, यात कुठली कला, असं मनात येईल. येऊ दे, आणि तो सराव जीव ओतून कर. पेला कोणत्या हातात होता हे ज्याच्या लक्षात राहत नाही त्याच्या लक्षात चेहऱ्यावरची छटाही राहत नाही. संध्याकाळच्या मेन थिएटरच्या चित्रपटांना दांडी मारू नकोस, कंटाळवाण्या चित्रपटालाही. जुने चित्रपट जपून ठेवणारं फिल्म आर्काइव्ह जवळच आहे. आवारातल्या विज्डम ट्री नावाच्या झाडाखालच्या रात्रीच्या चर्चा जरूर ऐक. तिथेही कोणी 'फसलेला चित्रपट' म्हणालं, तर कोणत्या रिळात, कोणत्या कटला, हे विचार.

सगळ्यात जास्त भांडणं डिप्लोमा फिल्मवर, म्हणजे सगळ्या विभागांनी मिळून शेवटी करायच्या चित्रपटावर, होतात. दिग्दर्शकाला जे 'वाटत' असतं ते छायाचित्रण आणि ध्वनीच्या विद्यार्थ्यांना कळत नाही, आणि शिफ्टचे तास ओरडण्यात जातात. तू दिग्दर्शनात असलीस तर 'मला इथे उदास मूड हवा' असं कधी म्हणू नकोस. 'खिडकी तिच्या मागे, दिवा विझलेला, बाहेर मुलं खेळताहेत पण दिसत नाहीत' असं म्हण. ध्वनीत असलीस तर दिग्दर्शकाकडून हे वदवून घे.

आणि अर्जासाठीचं ते उद्देशाचं निवेदन, जे तू मसुदा म्हणून जोडलं आहेस, ते टाकून दे. 'लहानपणापासून सिनेमाची आवड' हे पहिलं वाक्य हजारो अर्जांत असतं. नव्याने तीनशे शब्द लिही. पहिले दोनशे बाजाराचे, पोती उचलायला लागल्यापासून हातपंपापर्यंत. उरलेल्या शंभरात या संस्थेत तुला नेमकं काय शिकायचं आहे ते. हा मसुदा पाठव, सरावाच्या पहिल्या चार दिवसांचे कागद त्याला जोडून. कागद नसतील तर मसुदा पाठवू नकोस, मी वाचणार नाही.

तुझा,
सर