को-प्रॉडक्शन म्हणतायत, पण मालकीत तुमचं नाव आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजलो: पुण्यात चौदा जणांचा टूडी स्टुडिओ आहे. फ्रान्समधल्या एका निर्मात्याला ८० मिनिटांच्या चित्रपटातलं ४० मिनिटांचं ॲनिमेशन तुमच्याकडून करून हवंय. तो याला ‘को-प्रॉडक्शन’ म्हणजे सहनिर्मिती म्हणतो आणि त्यासाठी मिनिटाचा दर कमी करायला सांगतो. हो म्हणावं का?

मी क्लीनअपपासून, म्हणजे कच्च्या रेखाटनांच्या रेषा नीट करण्यापासून, सुरुवात करून पुढे प्रॉडक्शनकडे आलो. बाहेरच्या भागीदारांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कराराचा मसुदा मागवा आणि त्यातला हक्कांचा भाग वाचा. इतके शॉट्स, इतके पैसे, आणि सगळे हक्क त्यांचे, असं लिहिलं असेल तर ते सर्व्हिस वर्क आहे. त्यात कमीपणा अजिबात नाही, माझं घर त्यावरच चाललं. पण मग दर पूर्ण घ्या. समजा तुमचा नेहमीचा दर मिनिटाला २ लाख आहे आणि ते दीड लाख म्हणतायत. मिनिटाला ५० हजार सोडलेत, म्हणजे ४० मिनिटांचे २० लाख तुम्ही त्या चित्रपटात घातलेत. घातलेल्या पैशाचा हिस्सा कागदावर दिसलाच पाहिजे. कॉपीराइटमध्ये किती टक्के, कमाई वाटताना तुमचा नंबर कितवा, आणि भारतातले हक्क कोणाकडे, हे तिन्ही लिहून घ्या. ‘नफ्यात दहा टक्के’ एवढ्यावर समाधान मानू नका. विक्री एजंटचं कमिशन, त्याचा खर्च, वितरकाचा वाटा आणि आधीच्या गुंतवणूकदारांची वसुली झाल्यावर नफा म्हणावा असं क्वचितच उरतं. त्यापेक्षा भारतीय उपखंडाचे हक्क मागा. प्रत्येक भागीदाराने आपापला प्रदेश ठेवायचा, ही या धंद्यातली जुनी रीत आहे, त्यामुळे मागताना संकोच नको.

समोरच्याला भागीदार का लागतो, तेही समजून घ्या. युरोपात एका देशाच्या पैशावर ॲनिमेशनपट क्वचितच उभा राहतो. फ्रान्समध्ये सीएनसी ही सरकारी चित्रपट संस्था, बेल्जियममध्ये टॅक्स शेल्टर म्हणजे करसवलतीच्या बदल्यात गुंतवणूक, आयर्लंडमध्ये करसवलतीचं कलम ४८१, लक्झेंबर्गमध्ये फिल्म फंड, असे पैसे जागोजागी आहेत. पण ज्या देशाचा पैसा, त्याचा बराचसा भाग त्याच देशात खर्च व्हावा अशी अट असते. म्हणून काम देशोदेशी वाटलं जातं. ‘द ब्रेडविनर’ (२०१७) घ्या. आयर्लंडमधल्या किलकेनीचा कार्टून सलून, टोरंटोची एअरक्राफ्ट पिक्चर्स आणि लक्झेंबर्गची मेल्यूझीन असे तीन देशांचे भागीदार. मूळ कादंबरी कॅनडाच्या लेखिकेची, त्यामुळे कॅनडाचा सहभागही ओढूनताणून आणलेला वाटत नाही. ‘फ्लो’ तर अगदी ताजं उदाहरण. लाटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियम यांनी मिळून सुमारे ३५ लाख युरोत केलेला, ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर बनलेला, आणि मार्च २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन आलेला चित्रपट. त्यात संवाद नाहीत, म्हणजे डबिंगचा प्रश्नच नाही. छोट्या देशाच्या दिग्दर्शकाने चित्रपट आपल्या हातात ठेवून भागीदार जोडले, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आपल्या बाजूचं. भारत आणि फ्रान्स यांच्यात सहनिर्मितीचा सरकारी करार १९८५ पासून आहे. ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, इटली यांच्याशीही करार आहेत. चित्रपटाला ‘अधिकृत सहनिर्मिती’चा दर्जा मिळाला की तो दोन्हीकडे देशी समजला जातो आणि दोन्हीकडच्या योजना खुल्या होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी परदेशी निर्मितीसाठीचा परतावा पात्र खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आणि कमाल मर्यादा ३० कोटींपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. अधिकृत सहनिर्मितीसाठी काय लागू होतं ते एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या इंडिया सिने हबला (पूर्वीचं फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस) थेट विचारा, आणि काम सुरू करण्याआधी विचारा. लक्षात ठेवा, हा परतावा आहे. खर्च आधी आपल्याच खिशातून होतो.

इथेच तुमची अडचण आहे. अशा करारांत प्रत्येक देशाचा किमान हिस्सा ठरलेला असतो आणि २० लाखांत तुम्ही तिथवर पोचणार नाही. तुम्हाला पैसे घालणारा भारतीय निर्माता सोबत लागेल. गीतांजली राव यांच्या ‘बॉम्बे रोझ’ची जुळणी अशीच होती: पैसे उभे करणारी सिनेस्तान, फ्रेंच भागीदार ले फिल्म दिसी, आणि चित्रं सौमित्र रानडे यांच्या पेपरबोटमध्ये. मुंबईच्या फुलवाल्यांची गोष्ट, फ्रेमगणिक रंगवलेली, २०१९ मध्ये व्हेनिस महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात त्याने झाली. असा निर्माता शोधायला नोव्हेंबरात गोव्याच्या फिल्म बाजारला (आता वेव्ह्ज फिल्म बाजार) जा, तिथे निर्माते आणि खरेदीदार भेटतात. तिथे सहनिर्मितीचा स्वतंत्र विभाग असतो.

पैशाइतकंच जपायचं ते रोजचं काम. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये बाहेरून ॲनिमॅटिक, म्हणजे आवाजासह वेळेत बसवलेला कच्च्या चित्रांचा आराखडा, आला तो सेकंदाला २५ फ्रेम्सचा. आम्ही सीन फाइल्स २४ वर उघडल्या. कुणीच विचारलं नाही. दहा सेकंदांच्या शॉटला २५० फ्रेम्स, २४ च्या वेगाने चालवल्या तर १०.४ सेकंद. आवाज दहालाच संपतो, ओठ हलतच राहतात. सुरुवातीच्या छोट्या शॉट्समध्ये ते डोळ्यांना जाणवलंच नाही. लांब संवाद आला तेव्हा आजीचं पात्र वाक्य संपल्यावरही बोलत होतं. तोवर अकरा मिनिटं झाली होती. सगळी लिपसिंक, म्हणजे आवाजाशी ओठांचा मेळ, पुन्हा बसवली, आणि तो खर्च कुणाचा हे करारात नसल्यामुळे आमचाच झाला. पोरांनी तीन आठवडे रविवारही पाहिला नाही. ते मला अजून लागतं, कारण चूक वेळापत्रक करणाऱ्याची, म्हणजे माझी होती. तेव्हा फ्रेम रेट, रंगांचं प्रोफाइल, फाइलची नावं, आणि फुकट रिटेक (शॉटमधल्या दुरुस्त्या) किती, हे करारालाच जोडून घ्या. मान्य झालेला ॲनिमॅटिक बदलला तर तो रिटेक धरायचा नाही, त्याचे वेगळे पैसे.

आणि गोष्टीत भारत असेल तर सल्ला देण्याचा अधिकारही मागा. युगो साको यांच्या जपानी-भारतीय रामायणावरच्या ॲनिमेशनपटात आपले ॲनिमेटर राम मोहन सहदिग्दर्शक होते. धोतर कसं नेसतात, मुलं मोठ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे जपानी चित्रकारांना आपल्या लोकांनी दाखवलं. पडद्यावर ते दिसतं. असं काम ‘सांस्कृतिक सल्लागार’ म्हणून शेवटच्या श्रेयनामावलीत ढकललं जाऊ देऊ नका, ते तुमच्या हिश्श्यात मोजलं गेलं पाहिजे.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात त्यांना दोन पर्याय लिहून पाठवले असते: पूर्ण दर आणि हक्क नाहीत, किंवा कमी दर, त्या फरकाइतका कॉपीराइटमध्ये हिस्सा आणि भारताचे हक्क. ॲडव्हान्स खात्यात जमा होईपर्यंत नवीन माणसं घेऊ नका. त्यांचं उत्तर आलं की हक्कांचा परिच्छेद, नावं आणि आकडे झाकून, मला दाखवा. वकिलाकडे जाण्याआधी एकदा ओळीओळीने बघू.